विमानाचे नाक किती उचलावे?

धावपट्टीवर विमान ठराविक वेगास पोचले, की वैमानिक सुकाणूचा दांडा स्वतःकडे ओढतो. शेपटीवरील आडव्या झडपा वर वळतात, वारा शेपटीस खाली दाबतो आणि नाक वर येते. पंख वाऱ्याला तिरपे होतात, उचल वाढते व विमान जमीन सोडते. परंतु हे काम बेताने करावयाचे असते. मोठ्या जेट विमानाचे नाक सेकंदास सुमारे ३ अंश, याच गतीने उचलतात.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या चांपीनो विमानतळावर एका ‘कॉमेट’ विमानाचे नाक वर आले, पण विमान चढेना. धावपट्टी संपली आणि विमान मोडले. माणसे मात्र बचावली. दोष वैमानिकाच्या माथी आला. ३ मार्च १९५३ रोजी कराचीत तसाच प्रकार घडला व ११ जण प्राणांस मुकले. नाक प्रमाणाबाहेर उचलले, की त्या पंखांवरील हवेचा प्रवाह विसकटे, अवरोध वाढे आणि वेग खुंटे. पुढे पंखांच्या पुढच्या कडेचा आकारच बदलण्यात आला.

आज नव्या जातीच्या प्रवासी विमानाची परीक्षा घेताना शेपटी धावपट्टीस घासेल इतके नाक मुद्दाम उचलतात आणि तरीही ते सुखरूप उडते की नाही, हे पाहतात. हात कुशल हवाच. पण चुकल्या हातालाही सांभाळून घेईल असे यंत्र घडविणे, हे घडविणाऱ्याचे कर्तव्य होय.