हमीची मुदत आणि छपराचे आयुष्य

आमची शाळा म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यांची दारे. तिथे कळले तेवढेच सांगतो. पंख्याची हमी वर्ष-दोन वर्षांची. तो बिघडला तर दुसरा आणता येतो. प्रॉव्हिडंट फंड मोडून बदलापुरात घेतलेल्या घराचे तसे नाही.

28 मे 2021 च्या रात्री उल्हासनगरात सुमारे पाव शतक जुन्या इमारतीचा वरचा स्लॅब मजल्यामागून मजला फोडीत खाली आला. सात माणसे गेली. खारी रेती घातली की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटते. हे दुखणे तीन वर्षांत क्वचितच दिसते. पण 1963 च्या फ्लॅटविषयक कायद्याने बिल्डरला दोषाबद्दल तीनच वर्षे बांधले. 2016 च्या कायद्याने पाच. सक्तीची तपासणी मात्र तिसाव्या वर्षी, आणि तीही राहणाऱ्यांच्या खर्चाने! मधली पंचवीस वर्षे कोणाची?

बिल्डरने जन्मभर जबाबदार राहावे असे आम्ही म्हणत नाही. इमारतही म्हातारी होणारच. परंतु पहिल्या दिवशी घातलेले खोटे काळाच्या माथी मारू नये. रेती कुठली, सळई किती, याची नोंद ताबा देतानाच सोसायटीच्या दप्तरी पडावी, एवढी आमची मागणी आहे.