जकातीपलीकडचा नाका
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी व्यापाराच्या रूक्ष विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, यामागील हेतू उघड आहे. आपली बहुतेक कुटुंबे आजवर नोकरीपेशाची. परंतु अलीकडे आपल्यातील अनेक तरुण-तरुणी परदेशाशी व्यापार करू लागले आहेत. कोणी आंबा पाठवितो, कोणी द्राक्षे, तर कोणी खेळणी किंवा यंत्रांचे सुटे भाग मागवितो. या उद्योगात वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि प्रसंगी राहते घरही गुंतलेले असते. सबब, जकातीखेरीज जे नियम या व्यापारावर चालतात, त्यांची ओळख घरातील वडीलधाऱ्यांनाही असणे अगत्याचे आहे.

जकात किती पडेल हे आगाऊ कळते. ती किमतीत धरता येते आणि पैसे भरले की माल सुटतो. दुसऱ्या जातीचे नियम असे सरळ नाहीत. फळात कीड नसावी, औषधाचा अंश ठराविक मर्यादेबाहेर नसावा, खोक्याचे लाकूड तापविलेले असावे, दाखल्यावर योग्य त्या अधिकाऱ्याची सही असावी, असे त्यांचे स्वरूप. माल परक्या बंदरात पोचल्यावर कितीही पैसे मोजले तरी हे नियम तेथे पाळता येत नाहीत. ते आधीच, बागेत आणि कारखान्यात, पाळलेले असावे लागतात. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

आपल्या हापूसचेच उदाहरण घ्या. फळमाशीच्या भयाने जपानने १९८६ साली आपला आंबा बंद केला आणि २००६ साली पुन्हा घेतला तो बाष्पप्रक्रियेच्या अटीवर. फळाचा गाभा ४७.५ अंशांवर वीस मिनिटे राहिला पाहिजे. युरोपसाठी तोच आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. अमेरिकेची चिंता आणखी निराळी. कोयीच्या आत दडणाऱ्या किड्यापर्यंत अशी उष्णता नीट पोचत नाही, म्हणून तिने २००७ साली दार उघडले ते विकिरणाच्या अटीवर. लासलगावच्या विकिरण केंद्रातून त्या वर्षी आंबे अमेरिकेला रवाना झाले. फळ एक, परंतु तीन देशांचे तीन विधी. आणि एकासाठी सिद्ध केलेला माल दुसऱ्याकडे वळविता येईलच असे नाही. शिवाय अमेरिकेचा निरीक्षक येथे हजर असल्यावाचून विकिरण होत नसे. महामारीमुळे तो येऊ शकला नाही, आणि २०२० व २०२१ हे दोन्ही हंगाम अमेरिकेपुरते वाया गेले. जकातीचा दर मात्र तोच होता!

युरोपचा अनुभव याहून कडू. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी वा अन्य कीड आढळली. परिणामी १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपीय संघाने आपला आंबा आणि अळू, कारले, पडवळ व वांगे या चार भाज्या बंद केल्या. ज्यांच्या पेट्यांत कधी एक अळीही सापडली नव्हती, त्यांचाही माल अडला. लंडनमध्ये हापूसची वाट पाहणारे दुकानदार आणि रत्नागिरी-देवगडचे बागाइतदार सारखेच खोळंबले. आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला, तोही येथील तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर.

द्राक्षांची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. २०१० साली युरोपातील प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर आढळला. वेलीच्या शेंड्याची वाढ आवरण्यासाठी बागाइतदार हे द्रव्य वापरीत असत, आणि आपल्याकडील तपासणीच्या तेव्हाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. वीस टन द्राक्षांत मिळून केवळ एक ग्रॅम! येथील प्रयोगशाळेचा दाखला बरोबर असूनही माल परदेशी गोदामांत पडून राहिला आणि कर्जाचे व्याज मात्र नाशिक-सांगलीच्या घरांवर चढत राहिले. पुढे तपासणीची यादी वाढविण्यात आली.

कधी कधी फळ निर्दोष असते आणि कागद चुकतो. मे २०२५ मध्ये नव्या मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आक्षेप होता तो विकिरणाच्या कागदपत्रांवर. नाशवंत माल परत आणणे परवडणारे नव्हते, म्हणून तो तेथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांच्या अंदाजाने हानी सुमारे पाच लाख डॉलर झाली.

हे नियम न्याय्य आहेत काय, असा प्रश्न आपण विचाराल. काही खचित न्याय्य आहेत. आपल्या मुलाच्या ताटातील द्राक्षावर औषध नसावे असे आपल्यालाही वाटतेच. तथापि काही नियमांआड स्वदेशी मालाचे रक्षण दडलेले असते, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा दोन करार झाले: एक मनुष्य, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यरक्षणासंबंधी, दुसरा तांत्रिक अडथळ्यांसंबंधी. आरोग्याच्या नियमास शास्त्रीय आधार हवा, नवा नियम आगाऊ कळवावा आणि चौकशीचे उत्तर देण्यासाठी प्रत्येक देशाने स्थान नेमावे, असे त्यांत ठरले. परंतु त्या न्यायासनापुढे सरकारेच उभी राहतात. एकट्या व्यापाऱ्याला तेथे दाद मागता येत नाही, आणि आंबा निकालापर्यंत थांबत नाही.

आयात करणाऱ्यांनीही आपण सुटलो असे समजू नये. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. परदेशी कारखानदाराकडे ब्युरोचा परवाना नसेल, तर त्याच्याकडून स्वस्तात घेतलेला माल आपल्या बंदरातच अडकतो. यंत्रे ज्या लाकडी खोक्यातून येतात, त्याचे लाकूडही गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापविलेले असून त्यावर तसा शिक्का असावा लागतो. यंत्र लाखाचे, पण ते अडते फळकुटापाशी.

या नियमांचा भार मोठ्यांवर आणि लहानांवर सारखा पडत नाही. प्रक्रियेचा संच, तपासणीचे शुल्क, जाणता कारकून, हा खर्च शंभर पेट्यांनाही लागतो आणि लाख पेट्यांनाही. यावर आपल्या प्रांतात सापडलेला मार्ग सहकाराचा. द्राक्ष बागाइतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली पुण्यास ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि एकट्या बागाइतदारास न पेलणारी शीतगृहे व परदेशी बाजारपेठ एकत्रितपणे साध्य केली. २००६ पासून ‘अपेडा’च्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेमुळे द्राक्षाच्या पेटीवरून तिच्या बागेचा माग काढता येतो, म्हणजे एकाचा दोष सर्वांच्या माथी बसण्याचा धोका कमी होतो.

आता तरुणांस दोन-चार व्यवहाराच्या सूचना. सौदा पक्का करण्यापूर्वी त्या देशाच्या अटी खरेदीदाराकडून लेखी घ्या आणि त्या वनस्पती संगरोध कार्यालयात वा ‘अपेडा’कडे ताडून पाहा. बागेतील प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व प्रमाण वहीत टिपा. यादीत नसलेले औषधही लपवू नका. माल नाकारला गेल्यास हानी कोणी सोसावी हे करारात लिहा. कारण निर्यातीचा पतविमा खरेदीदार बुडाल्यास उपयोगी पडतो, मालाच्या दोषाबद्दलचा वाद त्यात सामान्यतः बसत नाही. आणि पहिल्याच खेपेत घर गहाण टाकू नका.

संस्थेलाही माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याची आपली परंपरा थोर आहे. तिच्या जोडीला व्यापारात पडलेल्या तरुणांसाठी अनुभवी सभासदांची एक सल्लागार समिती नेमावी, आणि तिचे दार ज्ञातीबाहेरील शेजाऱ्यासही मोकळे ठेवावे. फळमाशी कुंपणापलीकडच्या बागाइतदाराची जात विचारीत नाही. त्याच्या बागेत ती राहिली, तर उद्या आपलीही पेटी परत येईल.

आपल्या तरुणांचा माल सर्व नाक्यांतून सुखरूप पार होवो, अशी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतो.