वाकलेल्या पाठीचं चित्र

श्रोत्यांनी आधी एक करावं. उभं राहून कमरेत वाकावं, डावा हात मागे पाठीवर ठेवावा आणि उजव्या हातानं जमिनीवरची काडी उचलावी. मग दुसरी, मग तिसरी. थोड्याच वेळात कंबर बोलायला लागते. झां-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं सरवा वेचणाऱ्या बायांचं चित्र बघायला एवढी तयारी पुरते. रंग आणि रचनेची शिकवणी मागाहून केली तरी चालेल.

1857 सालचं हे चित्र. कापणी उरकली आहे. मागे उंच सुड्या, भरलेली गाडी, मजुरांची लगबग आणि उजवीकडे दूरवर घोड्यावर बसलेला मुकादम. पुढे, जवळजवळ रिकाम्या रानात, तिघीजणी गळालेली कणसं वेचत आहेत. मालकाचं पीक निघाल्यावर उरलेलं वेचायची गरिबांना मुभा असे.

एकीचा हात जमिनीकडे चालला आहे, दुसरीचा पोचला आहे, तिसरी अर्धवट उठून हातातली मूठ बघते आहे. नजर तिघींवरून पुन्हा पुन्हा फिरवली, की एकच बाई दिवसभर वाकते-उठते आहे असं वाटू लागतं. डावीकडचीनं वेचलेली कणसं पाठीमागे हातात धरली आहेत. बोटं जाड, चेहरे सावलीत. वाकलेल्या दोघींची डोकी क्षितिजाच्या वर येतच नाहीत. मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी शेतात राबलेला. हे वाकणं त्यानं अंगानं ओळखलं होतं. 1848 ची क्रांती न विसरलेल्या पॅरिसमध्ये काही समीक्षकांना या तिघींची धास्ती वाटली.

दोनच वर्षांनी ज्यूल ब्रतों या दुसऱ्या फ्रेंच चित्रकारानं हाच विषय घेतला. चित्रातलं रान कुरिएरचं, ते त्याचं स्वतःचं गाव. दिवस मावळलाय, आभाळात चंद्रकोर आहे, रानराखा तोंडाशी हात धरून हाळी देतो आहे, कारण अंधार पडला की वेचायला बंदी. बायका अनवाणी आहेत, कपडे विरलेले आहेत. ब्रतोंनं ते लपवलं नाही. पण पुढच्या बायकांच्या माना ताठ, चाल देवळातल्या शिल्पांसारखी. दिवसभर वाकलेली पाठ इतकी सरळ होते कशी? त्यानं काम संपण्याची घटका निवडली आणि शीण संध्याकाळच्या उजेडात विरघळवून टाकला. हे चित्र तिसऱ्या नेपोलियननं विकत घेतलं.

कॅलेंडरवरच्या पाणी भरणाऱ्या बायका याच कुळातल्या. पंधरा लिटरचा हंडा भरला की नुसतं पाणीच 15 किलोचं. चित्रातल्या मानेला त्याचा पत्ताच नसतो. चित्रकाराचा हात कितीही सफाईदार असो, अशा चित्राचा राग यावा.

मिलेही बायांना भारदस्त करतो, त्यांच्यावर सोनेरी ऊन पाडतो, हे खरं. पण वजन खोटं करत नाही. लावणी, खुरपणी, कापूसवेचणी, कुठलंही चित्र समोर आलं तर चेहऱ्याआधी भार शोधावा: टाचेवर आहे, कमरेत आहे, की मनगटात? व्हॅन गॉगनं 1889 मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात मिलेच्या शेतकामाच्या चित्रांवरून स्वतःची चित्रं रंगवली. त्यांत पेंढी बांधणारी एक बाई आहे. मिलेच्या तिघींपाशी पुरेसा वेळ थांबून झाल्यावर श्रोत्यांनी ती शोधून बघावी.