पाणी काढण्याची विद्या

परदेशी शेती शिकून विद्यार्थी परतला, की गावकऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'तिकडून काय आणलेस?' बियाणे, यंत्र, निदान एखादे औषध तरी त्याने आणले असावे, अशी साऱ्यांची अपेक्षा असते. चिकोडी भागातील एका विद्यार्थ्यालाही हाच प्रश्न विचारला गेला. परंतु त्याचे उत्तर निराळे होते.

दूधगंगेच्या काठी त्याच्या वडिलांचे चार एकर रान आहे. नदीचे पाणी रानात आले, त्यामागे ऊस आला, उसामागे चार पैसेही आले. पुढे सखल भागातील दीड एकरावर दर उन्हाळ्यात पांढरा थर दिसू लागला. ऊस आधी पिवळा पडला, मग उगवेनासा झाला. 'जमीन मेली,' असे म्हणून वडिलांनी तो तुकडा सोडून दिला. कृषी महाविद्यालयात शिकणारा हा मुलगा एका उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी हॉलंडमधील वाखेनिंगेन येथे गेला, तो ही मेलेली जमीन डोळ्यांपुढे ठेवूनच.

जमीन मरते कशी, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होते. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिले, की जमिनीखालचे पाणी वर चढते. उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार तेवढे मागे उरतात. हे ज्ञानही नवे नव्हे. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्यास १९१० च्या सुमारासच केला होता. मग शंभर वर्षांनंतरही रान पांढरे का पडावे?

हॉलंडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. १९३२ साली प्रचंड बांध घालून तेथील लोकांनी समुद्राची एक खाडी तोडली आणि १९४२ पर्यंत तिच्यातील एक मोठा भाग कोरडा केला. तेथे स्कोकलंड नावाचे पूर्वीचे बेट आहे. आज त्याच्या चहूबाजूंस बटाट्याची व गव्हाची शेते पसरली आहेत. शेतांखाली सच्छिद्र नळ पुरलेले असतात. त्यांतून पाणी चरात, चरातून कालव्यात उतरते आणि तेथून पंपांनी उपसून बाहेर टाकले जाते. हे नळ पाहून विद्यार्थ्याला वाटले, आपले काम झाले!

ज्या शेतकऱ्याकडे तो राहिला होता, त्याला त्याने एके संध्याकाळी सहज विचारले, 'शेजाऱ्याने आपल्या रानातून चर नेऊ दिला नाही तर?' शेतकऱ्याला प्रथम प्रश्नच उमगला नाही. मग त्याने समजावून सांगितले. तेथे पाण्याचा कारभार पाहणारी स्वतंत्र मंडळे आहेत. त्यांतील जुन्यांत जुनी तेराव्या शतकापासूनची, म्हणजे तेथील राज्यापेक्षाही वयाने मोठी. त्यांचे सभासद निवडून येतात आणि जमीनधारक त्यांना कर देतात. पूर्वी तर अशी रीत होती, की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, तो बांधात आपले फावडे रोवून निघून जाई. जो ते फावडे उपटी, त्याची ती जमीन होई आणि बांधाची जबाबदारीही त्याचीच. कारण एकाचा बांध फुटला, तर बुडावे लागे साऱ्यांना.

त्या रात्री विद्यार्थ्याला झोप लागली नाही. त्याच्या रानातील पाणी ओढ्याला न्यावयाचे, तर चर चुलत्याच्या रानातून काढावा लागणार होता; आणि बांधाच्या एका वादावरून वडील आणि चुलते बारा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. नळ विकत मिळतील, जिप्समही मिळेल; पण ओढ्यापर्यंतची वाट विकत मिळणार नव्हती. पाणी आणण्यासाठी सारा गाव एक झाला होता. पाणी काढण्यासाठी मात्र जो तो आपल्या बांधापुरता उरला होता.

तो परतला तेव्हा पावसाळा सरत आला होता. गावकऱ्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. त्याने ओढ्यापर्यंतच्या नऊ रानांचा कागदावर काढलेला नकाशा पुढे ठेवला. 'एवढ्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेला होतास?' असे म्हणून कोणी हसले. दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन तो चुलत्यांच्या दारी गेला. काकूंनी पाणी दिले. चुलत्यांनी नकाशा बराच वेळ निरखला. त्यावर त्यांच्याही रानाचा खालचा कोपरा पांढरा दाखवलेला होता.

'चर माझ्या रानातनं जाणार,' ते अखेर म्हणाले, 'मग माझं पाणी बी त्यात उतरंल नव्हं?'

'उतरेल, काका. आधी तुमचंच उतरेल.'

चुलत्यांनी लगेच होकार दिला नाही; पण नकाशा त्यांनी परतही केला नाही. 'अण्णाला उद्या बांधावर ये म्हणावं,' एवढेच ते म्हणाले. तो दीड एकर पुन्हा हिरवा होण्यास काही वर्षे लागतील. क्षार एका पावसात धुऊन जात नाहीत. परंतु बारा वर्षे तुंबलेले दुसरे एक पाणी त्या दिवशी वाट काढू लागले होते.