नाव आणि लिपी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर शाळेच्या पटावर मुलांची नावे लिहिली. म्हणून ‘नाव’ हाच विषय मी घेतला आहे. आपल्या सीमाभागात एकच नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांत लिहिले जाते आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा नियम लागतो.

‘कुलकर्णी’ हे आडनाव पाहा. मराठीत त्याचा अंत्य इकार दीर्घ, कन्नडमध्ये ऱ्हस्व. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ एकारासाठी निरनिराळी चिन्हे आहेत, मराठीत एकच. त्यामुळे ‘देशपांडे’मधील शेवटचा एकार तेथे आखूड होतो. ‘प्रकाश’मधील अंत्य अकार आपण लिहितो, पण उच्चारीत नाही, कन्नड वाचक तो उच्चारतो. म्हणून जाणता लेखनिक तेथे हलन्ताचे चिन्ह देतो. ‘ज्ञ’ हे अक्षर दोन्ही लिप्यांत आहे. परंतु मराठी मनुष्य त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, कन्नड मनुष्य ‘ग्न्य’. परिणामी रोमन लिपीत आपला ज्ञानेश्वर ‘डी’पासून सुरू होतो, शेजारचा ‘जे’ किंवा ‘जी’पासून.

गावांचेही तसेच. आपली निपाणी कन्नडमध्ये ‘निप्पाणि’ होते. इंग्रजीत पूर्वी ‘बेलगाम’ लिहीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथे अधिकृतपणे ‘बेळगावी’ आले. मराठी माणसाच्या तोंडी मात्र बेळगावच आहे.

धारवाडात जन्मलेल्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. ते कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या आडनावाचा अंत्य एकार कन्नडमध्ये ऱ्हस्व लिहितात. त्याने त्यांचे नाव उणे झाले, असे कोणी म्हणणार नाही. लिपीच्या नियमाने पडणारा फरक हा शेजाऱ्याचा उच्चार होय. त्यात अपमान शोधू नये.

परंतु नाव धारण करणाऱ्याला न विचारता, केवळ अंदाजाने अक्षरे बदलणे ही निराळी गोष्ट आहे. शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि जमिनीच्या उताऱ्यावरील नाव जुळले नाही, की आपण तोच मनुष्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी गरिबाला प्रतिज्ञापत्र घेऊन हेलपाटे घालावे लागतात. या दुःखाचा उगम पुष्कळदा पहिल्या नोंदीत असतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एकच विनंती आहे. पटावर नाव लिहिण्यापूर्वी ते मुलाच्या आईवडिलांच्या तोंडून ऐका, तिन्ही लिप्यांत लिहून त्यांना वाचून दाखवा आणि मगच शाई वाळू द्या. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.