मिडनाइट ऑइल : सोपी चाल, ठाम मागणी

मिडनाइट ऑइल हा ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा रॉक बँड.
पीटर गॅरेट त्याचे गायक.
उंचपुरे, तुळतुळीत डोक्याचे, खणखणीत आवाजाचे.

1986 साली हा बँड वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये गेला.
जमीन हिरावलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली.

पुढच्याच वर्षी ‘डिझेल अँड डस्ट’ हा अल्बम आला.
त्यातलं ‘बेड्स आर बर्निंग’ जगभर गाजलं.
मागणी स्पष्ट होती :
जमीन पिंटुपी आदिवासींची आहे, ती त्यांना परत द्या.

विषय कडू.
पण ठेका असा, की पाय आपोआप ताल धरतात.
धृपद एकदा ऐकलं, की ओठांवर बसतं.
या बँडचं खरं कसब इथेच आहे.
त्यांनी चाल सोपी केली, मागणी सौम्य केली नाही.

2000 साली सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात हेच गाणं झालं.
पंतप्रधान जॉन हॉवर्ड समोर होते.
झालेल्या अन्यायाबद्दल आदिवासींची सरकारी माफी मागायला त्यांनी नकार दिला होता.
बँडच्या काळ्या कपड्यांवर ठळक अक्षरांत एकच शब्द होता : ‘सॉरी’.
चाल तीच, सोपी.
मागणीही तीच, ठाम.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत ती माफी 2008 साली मागितली गेली.
तेव्हा पीटर गॅरेट केंद्रात मंत्री होते.