चंदीगडहून सरळ उत्तरेस
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पृथ्वीगोल हाती घेऊन चंदीगड शोधावे. शिवालिकच्या पायथ्याशी, ३० अंश ४४ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७६ अंश ४७ मिनिटे पूर्व रेखांशावर हे नगर वसले आहे. त्याच रेखांशावरून बोट दक्षिणेकडे सरकवीत आणले, तर सुमारे अकराशे किलोमीटरवर ते अकोला जिल्ह्यातील बाळापूरच्या किल्ल्यापाशी, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर टेकते. विद्यार्थी सहसा येथेच थांबतात, कारण ओळखीचे गाव सापडलेले असते. आजचा विषय मात्र या रेषेच्या दुसऱ्या टोकाचा आहे. चंदीगडहून सरळ उत्तरेस गेल्यास सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर जमीन संपते आणि वर्षातील बहुतेक महिने गोठून राहणारा समुद्र सुरू होतो. तेथून ध्रुव आणखी दोन हजार किलोमीटरवर.

सातारा-कोल्हापूरकडील जवानांच्या घरी चंदीगड हे नाव परिचित असते ते तेथील बागांमुळे नव्हे. लेहकडे आणि पुढे सियाचीनकडे जाणारी माणसे व सामग्री घेऊन तेथील तळावरून विमाने उडतात. या जवानांच्या माथ्यावरील हिमकडे केव्हा कोसळतील याचा अंदाज वर्तविणारी संरक्षण खात्याची संस्थाही याच नगरात आहे. १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेली ही हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये नव्या नावाच्या मोठ्या संस्थेत विलीन झाली आणि तिचे मुख्यालय चंदीगडला राहिले. भारतात बर्फाचा अभ्यास म्हणजे काय, याचे एक उत्तर तेथे मिळते. परंतु हिमालयातील बर्फ आकाशातून पडतो आणि गोड्या पाण्याचा असतो. ध्रुवीय महासागरावरील बर्फ समुद्राच्याच पाण्याचा बनतो. पहिला वितळला तर जगातील समुद्रांची पातळी वाढते. दुसरा मुळातच पाण्यावर तरंगत असल्याने त्याच्या वितळण्याने पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. हा भेद ध्यानात ठेवूनच पुढचा प्रवास करावा.

चंदीगडच्या उत्तरेस बिलासपूरपाशी सतलज लागते. तिचे पाणी अखेर अरबी समुद्रास मिळते. पुढे झांस्कर, सियाचीन, काराकोरम. त्यापलीकडे यारकंदच्या बाजूस जे पाणी उतरते ते कोणत्याच समुद्रास मिळत नाही. ते तकलामकानच्या वाळूत जिरते. तिएनशान ओलांडल्यावर कझाकस्तानातील अल्माटी नगर लागते. तेथील इली नदीही बल्खाश सरोवरात संपते, सागर तिच्याही नशिबी नाही. त्याच्या बरेच उत्तरेस, इर्तिश नदीच्या काठी पाव्लोदार हे शहर जवळजवळ चंदीगडच्याच रेखांशावर आहे, आणि येथून उतार बदलतो. इर्तिश उत्तरेकडे वाहते, ओब नदीस मिळते आणि ओब उत्तर ध्रुवीय महासागरात शिरते. याच रेषेवर, ओबच्या काठी निझ्नेवार्तोव्स्क हे तेलनगर आहे. तेथील नदीवर वर्षातील सुमारे सहा महिने बर्फ असतो.

नद्यांचा हा पाढा मुद्दाम वाचला. जगातील एकूण सागरजलापैकी जेमतेम एक टक्का या महासागरात आहे. परंतु जगातील नद्यांच्या पाण्यापैकी दहा टक्क्यांहून अधिक पाणी त्यात येऊन पडते. ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी या नद्यांनी त्याचा वरचा थर इतका गोडसर केला आहे, की हलका असल्याने तो वरच राहतो. अटलांटिककडून येणारे तुलनेने उबदार आणि खारट पाणी त्याच्या खाली सरकते. वरचा थर उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो आणि गोठताना आपल्यातील बरेचसे मीठ खाली सोडून देतो. हा गोडसर थर नसता, तर खालची ऊब वर येऊन बर्फ धरणे कठीण झाले असते. ध्रुवावर थंडी आहे म्हणून समुद्र गोठतो, हे उत्तर परीक्षेत गुण मिळवून देते, पण ते अर्धेच आहे.

नकाशानेही येथे बरीच दिशाभूल केली आहे. वर्गातील भिंतीवरच्या सपाट नकाशात हा महासागर वरच्या कडेला चिकटलेल्या पांढऱ्या पट्टीसारखा दिसतो, आणि मुले त्याला जमीन समजतात. पृथ्वीगोल वरून पाहिला, की रशिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि नॉर्वे यांनी वेढलेला, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा जलाशय दिसतो. अंटार्क्टिका ही पाण्याने वेढलेली भूमी, तर हे भूमीने वेढलेले पाणी. सायबेरियाच्या किनाऱ्यालगत तो उथळ आहे. पुढे तळ एकाएकी खचतो आणि ध्रुवापाशी खोली चार हजार मीटरहून अधिक भरते. त्या काळोखात लोमोनोसोव्ह नावाची पर्वतरांग सुमारे १८०० किलोमीटर पसरली आहे, म्हणजे सह्याद्रीहूनही लांब. १९४८ पर्यंत ती कोणास ठाऊक नव्हती.

खोलीचा पहिला पुरावा फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी आणला. १८९३ मध्ये त्यांनी आपले 'फ्राम' जहाज जाणूनबुजून बर्फात अडकू दिले आणि बर्फाबरोबर वाहत ते १८९६ मध्ये स्वालबार्डजवळ मोकळे झाले. खोली मोजायला दोर पुरेना, तेव्हा जहाजावरील पोलादी दोर उलगडून त्याच्या तारा जोडाव्या लागल्या. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता किंचित उजवीकडे सरकतो, हेही याच प्रवासात ध्यानात आले.

या मोहिमेनंतर सात वर्षांनी, १९०३ मध्ये, लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या ध्रुवीय वसतिस्थानाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्त विद्वानांनी स्वीकारला नाही, आणि न स्वीकारण्याची कारणे सबळ आहेत. तथापि क्षितिजावर फिरणारा सूर्य, सहा महिन्यांचा दिवस आणि दीर्घकाळ रेंगाळणारी उषा ही ध्रुवाची खगोलीय लक्षणे त्यात काटेकोरपणे आली आहेत. महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत ध्रुवप्रदेशाची चर्चा प्रथम शिरली ती बहुधा या ग्रंथामुळेच.

आता चंदीगडच्या रेषेवर परत यावे. ती जेथे समुद्रात शिरते तो कारा समुद्र. १९१२ मध्ये 'सेंट अ‍ॅना' हे रशियन जहाज यामाल द्वीपकल्पाजवळ बर्फात अडकले आणि दीड वर्ष उत्तरेकडे वाहत गेले. १९१४ मध्ये नाविक अल्बानोव्ह काही सोबत्यांसह बर्फावरून पायी निघाले. दोघेच वाचले. जहाज, त्यावरील येर्मिनिया झ्दान्को ही तरुण परिचारिका आणि उरलेले सर्वजण पुन्हा कोणास दिसले नाहीत. वाचलेल्यांनी जहाजाच्या नोंदी मात्र सोबत आणल्या होत्या. दहा वर्षांनी व्लादिमीर वीझे या शास्त्रज्ञाने त्या आकड्यांचा अभ्यास केला. ७८ ते ८० अंशांच्या दरम्यान जहाजाची वाट वाऱ्याशी जुळत नव्हती. बर्फास काहीतरी अडवीत असले पाहिजे, म्हणजे तेथे जमीन असली पाहिजे, असे त्यांनी १९२४ मध्ये लिहिले आणि नकाशावर जागाही दाखविली. १९३० च्या ऑगस्टमध्ये 'गेओर्गी सेदोव्ह' हे बर्फफोडे जहाज तेथे पोहोचले, तेव्हा वीझे स्वतः जहाजावर होते. बेट सापडले: सखल, ओसाड, सुमारे ७९.५ अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व. चंदीगडच्या जवळजवळ नाकासमोर. बुडालेल्या माणसांच्या वहीतून भूमी शोधल्याचे असे दुसरे उदाहरण भूगोलात विरळाच.

हा बर्फ आता झपाट्याने ओसरत आहे. सप्टेंबरमध्ये त्याचा विस्तार वर्षातील सर्वांत कमी असतो. १९८० मध्ये तो सत्तर लाख चौरस किलोमीटरहून अधिक होता. २०१२ मध्ये ३४ लाखांपर्यंत खाली आला. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवितो, काळे पाणी तो पिऊन टाकते. त्यामुळे एकदा उघडा पडलेला समुद्र पुढच्या हिवाळ्यात उशिरा गोठतो. भारताने २००८ मध्ये स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंड येथे 'हिमाद्री' हे केंद्र उघडले आणि २०१४ मध्ये तेथील कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात १९२ मीटर खोलीवर मापनयंत्रांची साखळी सोडली. या कामाची सूत्रे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत.

याच केंद्रातील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कारा समुद्राचे नाव येते. उन्हाळ्यात तेथील बर्फ कमी असतो तेव्हा मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीस अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, असा संबंध त्यांना आढळला. तो 'संभाव्य' आहे, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे, आणि वार्ताहरांनी गाळला तरी शिक्षकांनी तो शब्द गाळू नये. उघड्या समुद्रावरील ऊब वातावरणातील लाटांमार्फत दक्षिणेकडे परिणाम करते, अशी त्यामागील मांडणी आहे. बाळापूरच्या परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणीचे दिवस. शेंगा वाळलेल्या, कापलेल्या पिकाचे ढीग शेतातच, आणि त्यावर पाऊस. शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब त्या आठवड्यात ठरतो.

वीझे बेटावर आज एक हवामान केंद्र आहे. वारा, तापमान, बर्फाची स्थिती यांच्या नोंदी तेथे ठेवल्या जातात, चंदीगडच्या आणि बाळापूरच्या रेषेवर.